या बिलात तीन चुका आहेत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गडहिंग्लजमध्ये टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, शिकवणारे क्लास माझ्या आधीही होते आणि आजही आहेत. त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात कर सल्लागाराच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी अकाउंटिंगचा क्लास काढते म्हटल्यावर घरच्यांपासून ऑफिसातल्या सरांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "अजून एक?"

प्रश्न रास्त होता. माझं उत्तर त्या ऑफिसात बसूनच तयार झालं होतं. आमच्याकडे टॅलीचं सर्टिफिकेट घेतलेली मुलं-मुली कामाला यायची. खरेदीची एंट्री टाका म्हटलं की झरझर टाकायची, बोटं माझ्यापेक्षा जलद चालायची. पण समोरच्या बिलावरचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतोय, म्हणजे माल कर्नाटकातून आलाय, म्हणजे इथे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा) नाही तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा) लागणार, हे त्यांच्या नजरेत यायचं नाही. आमचा नंबर २७ ने सुरू होतो, त्यांचा २९ ने. एवढं साधं आहे. आणि आमच्याकडे कर्नाटक म्हणजे काही लांबचा मुलूख नव्हे. संकेश्वर अर्ध्या तासावर. मिरचीचा व्यापारी सकाळी संकेश्वरला माल धाडतो आणि दुपारी कोल्हापूरला. पहिल्या गाडीला माल ५० हजारांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं, दुसरीला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात म्हणून एक लाखाच्या वर. तोच व्यापारी, तोच माल, तोच दिवस. हे कुठल्या छापील पुस्तकात उदाहरण म्हणून येत नाही, कारण ती पुस्तकं गडहिंग्लजसाठी लिहिलेली नसतात.

तेव्हा माझ्या डोक्यात क्लास होता तो असा: आपल्या बाजारातली बिलं, आपल्या बाजारातले व्यवहार. मार्केट यार्डातला गूळ आणि मिरची, आजरा-चंदगडकडचा काजू, हार्डवेअरवाले, कृषी सेवा केंद्रं. काजूचंच घ्या. नोंदणी असलेला कारखानदार शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतो तेव्हा शेतकरी कर लावत नाही, तो कर कारखानदाराला स्वतःच भरावा लागतो, रिव्हर्स चार्जमध्ये, तोही रोखीच्या खात्यातून. मग त्याची वजावट घ्यायची, म्हणजे आपल्या विक्रीवरच्या करातून तो वळता करायचा. बी.कॉम. झालेल्या पोरीला "रिव्हर्स चार्ज म्हणजे काय" विचारलं तर ती व्याख्या सांगेल. काजूच्या कारखान्यात बसवलं तर एंट्री कुठून सुरू करायची ते सुचणार नाही.

जागा मिळाली स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका किराणा दुकानाच्या माडीवर. भाडं साडेचार हजार. सहा संगणक कोल्हापुरातून सेकंडहँड आणले, एकेक साधारण बारा हजारांना. इन्व्हर्टर, टेबलं, खुर्च्या, विजेचं कनेक्शन घरगुतीचं व्यापारी करून घेणं, सगळं धरून दोन-अडीच लाखांत बसलं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेच्या कर्जाची चौकशी केली होती. तेव्हा शहरी भागात महिलेला २५ टक्के अनुदान होतं, स्वतःचे ५ टक्के घालावे लागायचे. योजना चांगली आहे, पण अर्ज, बँकेची मंजुरी, त्यांचं प्रशिक्षण हे होईपर्यंत जून-जुलै निघून गेला असता आणि अनुदान तीन वर्षं बँकेतच अडकून असतं. माझ्या आकाराच्या खर्चाला ते जड वाटलं. बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या. सासूबाईंनी त्यांच्याही दोन दिल्या, वर म्हणाल्या, "कपाटात तरी काय अंडी घालणार आहेत?"

कागदपत्रांचा लोक उगाच बाऊ करतात. मी क्लास काढला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तर शॉप अ‍ॅक्टची नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती काढायची. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. कुणी पाचशे-हजार मागत असेल तर तो त्याच्या टायपिंगचे मागतोय. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० भरावे लागतात, ते बरेच क्लासवाले भरत नाहीत आणि मग एकदम चार-पाच वर्षांची नोटीस येते. जीएसटीचं मात्र गंमतशीर आहे. सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही आणि माझी उलाढाल त्याच्या आसपासही नाही. नूलचे एक निवृत्त गुरुजी नातीच्या प्रवेशाला आले, पावती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "जीएसटी शिकवता आणि तुमचाच जीएसटी नंबर नाही?" मी त्यांना मर्यादा समजावून सांगितली. त्यांनी ती डायरीत लिहून घेतली. ते प्रवेशाचं नक्की करूनच गेले, पण सगळ्यांना एवढा धीर नसतो, म्हणून आता ती माहिती पावतीच्या तळाशी छापलेली आहे.

सॉफ्टवेअरचं सांगायला हवं, कारण नव्याने क्लास काढणारे मला पहिल्यांदा तेच विचारतात. एका संगणकाचा टॅलीप्राइमचा परवाना तेव्हा १८,००० अधिक जीएसटी होता. तो मी माझ्या मशीनवर घेतला. शिकणाऱ्यांच्या मशीनवर एज्युकेशनल मोड. तो फुकट असतो, पण त्यात एंट्री टाकायला तारखा मिळतात फक्त १, २ आणि ३१. आख्ख्या महिन्याचा धंदा तीन तारखांत बसवायचा. त्यात शिकलेल्या पोरांना ८ तारखेची विक्री आणि २३ तारखेची वसुली यातला फरकच कळत नाही, उधारीचे दिवस मोजता येत नाहीत. म्हणून मी पहिले पंधरा दिवस संगणक बंदच ठेवते. रोजमेळ आणि खतावणी, हाताने, पूर्ण तारखांसह, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत. मग तोच महिना मशीनवर. यावर पालकांची तक्रार ठरलेली: "कॉम्प्युटरच्या क्लासला घातलंय आणि पोरगी घरी येऊन वही लिहीत बसतीया?" त्यांचं बरोबर आहे. पैसे मोजले ते संगणकाचे. पण वही लिहिलेली पोरगी मशीनवर अडली तर कुठे अडली ते तिला कळतं.

आता विद्यार्थ्यांचं.

पहिली पत्रकं वर्तमानपत्रातून वाटली. 'टॅली + जीएसटी + एक्सेल, अनुभवी मार्गदर्शन, मर्यादित जागा.' फोन आले, बऱ्यापैकी आले. बहुतेक फोन एकाच सुरात चालायचे. फी किती, किती महिने, सर्टिफिकेट सरकारी आहे का, नोकरी लागेल का, बरं मॅडम घरी विचारून सांगते. आणि ते 'घरी विचारून सांगते' म्हणजे नकार, असं सगळे मला समजावत होते. मला ते पटत नव्हतं. ऑफिसात असताना मी हेच वाक्य अनेक दुकानदारांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांना खरंच घरी विचारायचं असायचं.

फोन करणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची असते. पैसे तिच्याकडे नसतात. तिला रोज गावातून येऊ द्यायचं की नाही हे आई ठरवते, फी वडील किंवा आजोबा देतात, आणि पुण्यात असलेला चुलतभाऊ फोनवरून "याला स्कोप काय आहे" असं विचारतो. (स्कोप विचारणारा माणूस कधीच फी भरत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. पण त्याला टाळून चालत नाही, त्याच्या 'बरं आहे' वर प्रवेश अडतो.) मी सगळं मुलीला समजावत होते आणि ती ते सगळं घरी जाऊन दोन वाक्यांत सांगणार होती. मग काय होणार?

म्हणून क्लास बघायला यायचा दिवस मी आठवडी बाजाराचा ठेवला. त्या दिवशी आया गडहिंग्लजला येतातच. भाजीची पिशवी जिन्यात ठेवून माडीवर येतात, पंख्याखाली बसतात, पाणी पितात. फीबद्दल त्या क्वचितच आधी विचारतात. हलकर्णीच्या एका काकूंनी खोलीभर नजर फिरवली, संडासाचं दार कुठे आहे ते पाहिलं, खालच्या दुकानात कोण बसतं ते विचारलं आणि म्हणाल्या, "पैशाचं तिचे बाबा बघतील. पोरगी दिवस मावळायच्या आत घरात येईल का, तेवढं सांगा." मला सांगता आलं, कारण त्याआधी मी स्टँडवर जाऊन नेसरी, महागाव, हलकर्णी बाजूच्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून आणल्या होत्या. आमच्या बॅचच्या वेळा त्या वहीवरून ठरल्या. सकाळची बॅच आठला सुरू होत नाही, सव्वाआठला होते, कारण आठची गाडी आठला येत नाही. दुपारची बॅच साडेचारला सुटते म्हणजे सुटतेच, वाक्य अर्धं राहिलं तरी.

एसटीच्या भाड्याचा हिशोबही घरोघरी होतो. शाळा-कॉलेजच्या मुलांना मिळतो तसा सवलतीचा पास आमच्यासारख्या खाजगी क्लासला नाही. तीन महिन्यांचं जाण्यायेण्याचं भाडं काही गावांना फीच्या निम्म्यावर जायचं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्या उन्हाळ्यात लांबच्या गावांतून मुली यायला लागल्या. जाहिरात मी तीच करत होते, शिकवत तीच होते, प्रवेश वाढले ते तिकिटामुळे. कुणी मला विद्यार्थी कसे वाढवले असं विचारलं की मी हे आधी सांगते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांना फेसबुकच्या जाहिरातीचं काहीतरी ऐकायचं असतं.

सर्टिफिकेटचा प्रश्न सगळ्यात अवघड. एमएस-सीआयटीमुळे लोकांच्या मनात कागदाचं मोल पक्कं बसलंय, कारण सरकारी नोकरीच्या अर्जात तो कागद चालतो. माझा कागद तिथे चालत नाही. पुण्यातल्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली असती तर झळाळतं होलोग्रामचं सर्टिफिकेट मिळालं असतं. ते ७५ हजार अनामत आणि दर प्रवेशामागे वाटा मागत होते. तोही कागद सरकारी नव्हताच, फक्त तसा दिसणारा होता. मी नको म्हटलं आणि येणाऱ्याला स्पष्ट सांगायला लागले: सरकारी नाही, भरतीच्या फॉर्मला जोडता येणार नाही. काहीजण तिथूनच परत जायचे. जे थांबायचे त्यांना मी फाईल दाखवायचे. प्रत्येक विद्यार्थिनीची एक फाईल असते. त्यात तिने स्वतः तपासलेली बिलं, जुळवलेलं बँक स्टेटमेंट, भरलेल्या रिटर्नचा नमुना, आणि बाजूला लाल पेनाने माझे शेरे. दुकानदार नोकरी देताना तीच चाळतो. सर्टिफिकेट कुणी वाचलेलं मी अजून पाहिलं नाही.

पण फाईल दाखवायला माणूस माडीवर तरी यायला हवा. फ्लेक्स लावायचा तर त्यावर काय? बाकीचे क्लास पास झालेल्या मुलींचे फोटो लावतात. आमच्याकडच्या दोन मुलींच्या घरून निरोप आला, फोटो नको, लग्नाचं चाललंय. व्यापाऱ्यांची नावं लावावीत तर त्यांचीही तयारी नव्हती, हिशोबाला कोण येतं हे चौकात कशाला सांगायचं. मग मी पत्रकावर फक्त एक बिल छापलं. खोटी पेढी, खोटा ग्राहक, पण बिल आपल्या यार्डातलं वाटावं असं. गुळाच्या सुट्या ढेपा आणि मिरची पुडीची पाकिटं, माल संकेश्वरच्या पार्टीला. वर ठळक अक्षरात: 'या बिलात तीन चुका आहेत. सापडल्या तर या. नाही सापडल्या तरी या.'

पहिली चूक, सुट्या ढेपांवर ५ टक्के कर लावलेला. गूळ पाकीटबंद आणि लेबल लावलेला असेल तरच त्यावर ५ टक्के आहे, तेही जुलै २०२२ पासून. सुट्यावर शून्य. दुसरी, ग्राहकाचा नंबर २९ ने सुरू होतो आणि मिरची पुडीवर लावलाय सीजीएसटी-एसजीएसटी. तिसरी साधी बेरजेची. बेरजेची चूक सगळ्यात कमी लोकांना सापडली, कारण संगणकातून निघालेल्या बिलाची बेरीज कुणी करतच नाही.

त्या पत्रकाने जे केलं ते आधीच्या कुठल्याच पत्रकाने केलं नव्हतं. ते लोकांनी टाकलं नाही. दुकानात गल्ल्याजवळ पडून राहिलं. दुपारच्या निवांत वेळी दोघं-तिघं त्यावर वाद घालत बसले. एक आडते स्वतः माडीवर आले, चपला न काढता दारातूनच म्हणाले, "पाच चुका आहेत." मी म्हटलं, तीन आहेत, शेठ. ते म्हणाले, "पाच. तुमच्या बिलावर एचएसएन नाही आणि गाडीचा नंबर नाही." एचएसएन म्हणजे वस्तूचा ठरलेला कोड, त्याबद्दल त्यांचं बरोबर होतं, गाडीच्या नंबराबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. जाताना त्यांनी विचारलं, "हे शोधून देणारी पोरगी आहे का तुमच्याकडं?" माझ्याकडे तेव्हा पहिली बॅच निम्म्यात होती.

इथून गाडी खरी रुळावर आली. यार्डातल्या माणसांना एंट्री टाकणारं माणूस हवं असतं हे मला माहीत होतं, पण त्यांना नेमकं कधी हवं असतं ते क्लासच्या वेळापत्रकात आणायचं राहिलं होतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची विक्रीची माहिती ११ तारखेपर्यंत जाते. १४ ला २बी तयार होतं, म्हणजे तुमच्या पुरवठादारांनी तुमच्या नावावर काय काय दाखवलंय त्याची यादी. २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, भरायचं. म्हणजे १४ ते २० या आठवड्यात खरेदीची प्रत्येक नोंद २बीशी जुळवायची, ज्याने बिल दाखवलं नाही त्याला फोन करायचा, "भाऊ, तुमचं अमुक बिल आलेलं नाही, आमची वजावट अडकली." एक बिल सुटलं की व्यापाऱ्याच्या खिशातून तेवढा कर जातो. या आठवड्यात दुकानदाराचं लक्ष गिऱ्हाइकात नसतं आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात कुणी फोन उचलत नाही. मी दोन्ही बाजूंनी हे पाहिलेलं.

तेव्हा तिसऱ्या महिन्यातल्या मुलींना मी त्या आठवड्यात दुकानांत पाठवायला लागले, अर्धा दिवस. दुकानदार आठवड्याचे दीड-दोन हजार देतो, ते थेट मुलीला. मला काही नको. अडचण होती ती भरवशाची. "माझी वही बाहेरच्याला दाखवायची? उद्या हीच पोरगी शेजारच्या दुकानात बसली तर?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारला आणि तो अगदी योग्य आहे. दराची माहिती हाच त्यांचा धंदा. मी दोन गोष्टी ठरवल्या. एका धंद्यातल्या एका दुकानात गेलेली मुलगी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानात पाठवायची नाही. आणि क्लासमध्ये कुणाच्या दुकानाचा आकडा बोलायचा नाही. सरावाला मी बिलं घेते ती जुन्या वर्षांची, नावं आणि नंबर काळ्या पेनाने झाकून. हे पाळलं जातंय असं कळायला बाजाराला वर्ष गेलं. आता काही दुकानदार स्वतःहून जुन्या बिलांचा गठ्ठा पाठवतात, झाकायचं काम माझ्यावर सोडून.

आणि मुलीच्या घरी दोन हजार रुपये पोचले की पुढचं मला सांगावं लागत नाही. ती मुलगी ज्या बसने जाते त्या बसमध्ये तिच्या गावच्या अजून चार मुली असतात. माझ्याकडे महागावच्या मुली इतक्या का आहेत याचं दुसरं कारण नाही. भडगावातून मात्र कुणीच नाही. तिथली पहिली मुलगीच अजून आलेली नाही.

मुलं कमी येतात. बारावीनंतर त्यांच्या डोक्यात पोलीस भरती, आर्मी, नाहीतर सरळ पुणे. पहाटे ग्राउंडवर धावणाऱ्या पोराला खतावणीत बसवणं माझ्याच्याने होत नाही आणि मी फार प्रयत्नही करत नाही. वयाची अट निघून गेली की काहीजण येतात. ते मन लावून शिकतात.

फी आहे साडेसहा हजार, तीन महिन्यांची, तीन हप्त्यांत. समोरच्या रस्त्यावर एकाने '२,९९९ मध्ये १०० टक्के जॉब गॅरंटी' असा बोर्ड लावला तेव्हा माझ्यावर घरूनही दबाव आला, कमी कर म्हणून. मी सहा संगणकांवर एका वेळी सहाच घेते, एका मशीनवर दोघी बसवत नाही. २,९९९ मध्ये माझा खर्च भागला नसता. गॅरंटी तर मी देऊच शकत नाही. गडहिंग्लजात नवख्या मुलीला आठ-नऊ हजार मिळतात, हा आकडा मी प्रवेशाच्या आधी आईसमोर सांगते. कमी वाटतो, काहीजणी उठून जातात. कोल्हापुरात जास्त मिळतो आणि तो खोलीभाड्यात जातो, हेही सांगते. यूट्यूबवर सगळं फुकट आहे असं म्हणणारेही येतात. खरंच आहे. व्हाउचर कसं टाकायचं ते तिथे माझ्यापेक्षा चांगलं दाखवतात. एखादा पुरवठादार फोन उचलत नाही तेव्हा त्याच्या मुलाला गोड बोलून रिटर्न कसं भरायला लावायचं, ते तिथे नसतं.

हप्ते बुडतात का? बुडतात, पण मुद्दाम कुणी बुडवत नाही. ऊस गेल्यावर, काजूचे पैसे आल्यावर, असं सांगतात आणि तेव्हा आणून देतात. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाल्यावर काही आयांनी त्यातून मुलीचा हप्ता लावला. त्याच हंगामात दुसऱ्या योजनेने माझी बॅच अर्धी केली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन मिळायला लागलं, सहा महिन्यांसाठी. साडेसहा हजार भरून शिकण्यापेक्षा १० हजार घेऊन ग्रामपंचायतीत बसणं कोणीही निवडेल. मीही निवडलं असतं. मुदत संपल्यावर त्यातल्या काहीजणी आल्या, आणि ऑफिसात बसायची सवय झालेली असल्यामुळे त्या पटकन शिकल्या.

लग्नाचा हंगाम हा आमचा खरा शत्रू. बॅचच्या मध्यावर साखरपुडा होतो आणि मुलगी यायची थांबते. फी परत मागायला सहसा कुणी येत नाही, पण आई रस्त्यात भेटली की नजर चुकवते, तिला वाटतं आपण क्लासचं नुकसान केलं. म्हणून नियम केला की राहिलेला भाग कधीही येऊन पुरा करा, जास्तीचे पैसे नाहीत. एक मुलगी चंदगडकडच्या घरात दिली होती, काजूचा लहान कारखाना. ती वर्षाने आली, सासऱ्यांना घेऊन. सासरे मागच्या खुर्चीवर बसून रिव्हर्स चार्जचा आख्खा तास ऐकत होते. दुसऱ्या दिवशीही आले. सुनेपेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त.

त्यांच्यामुळे मोठ्या माणसांनाही शिकवावं असं डोक्यात होतं, त्याला मुहूर्त लागला २०२५ च्या सप्टेंबरात. २२ तारखेपासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक गेले. सिमेंट २८ वरून १८ वर, साबण-टूथपेस्ट-केसांचं तेल १८ वरून ५ वर, तूप-लोणी १२ वरून ५ वर. नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, ऐन गर्दीत, प्रत्येक दुकानाच्या टॅलीत शेकडो वस्तूंचे दर बदलायचे होते. जुन्या विद्यार्थिनींचे फोन सुरू झाले, मग त्यांच्या शेठजींचे, आणि मग ज्यांच्याकडे माझी एकही विद्यार्थिनी नाही अशा दुकानांतल्या दिवाणजींचे. ही साठीकडे झुकलेली माणसं. तीस-तीस वर्षं यार्डात वह्या लिहिलेली. हिशोब माझ्यापेक्षा पक्का, पण मशीनवरचं काम 'पोरांकडून' करून घ्यायचं आणि वेगळा दर कुठे भरतात ते विचारायची लाज.

मी दोन संध्याकाळी ठेवल्या, दुकानं बंद झाल्यावर, माणशी ३०० रुपये. तिसरीही ठेवावी लागली. कुणी नातवाचा लॅपटॉप घेऊन आलं, कुणी नुसती वही. वस्तूंच्या यादीत दर एकेक न बदलता गटाला कसा लावायचा, आणि जुन्या बिलाचा माल नव्या तारखेनंतर परत आला तर कुठला दर धरायचा, यावर जी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याही बॅचमध्ये होत नाही. शेवटी त्यांच्यातल्याच एकांनी सुचवलं, दिवाळीनंतर आमची नियमित बॅच काढा. वेळ रात्री साडेसात. पोरी नकोत, त्यांच्यासमोर चुकायला बरं वाटत नाही. परीक्षाही नको. फी मात्र त्यांनी घासून पाच हजारांवर आणली, माणसं यार्डातली आहेत.